दर विचारल्याशिवाय मासा मागवू नका

गेल्या महिन्यात आमच्या वेर्ण्याच्या कंपनीत कऱ्हाडचा एक मुलगा रुजू झाला. राहायला पणजीत. आठवड्याभराने कँटीनमध्ये माझ्यासमोर बसून म्हणाला, "काका, गोव्यात जेवण परवडत नाही हो." कुठे जेवतोस विचारलं, तर रोज संध्याकाळी भाड्याची स्कूटर काढून कळंगूट. मी कपाळावर हात मारला. साताऱ्याहून 2005 साली आलो तेव्हा मीही हेच करत होतो. म्हणून त्याच्यासाठी आणि त्याच्यामागून येणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहून ठेवतोय. चार दिवसांसाठी फिरायला येणाऱ्यांनाही चालेल.

कळंगूट, बागा, कांदोळी या किनाऱ्यांवर तुम्ही सूर्यास्ताचे पैसे देता, मासा त्याबरोबर येतो. मोबाइलवर त्या हॉटेलांना जे तारे मिळालेले असतात तेही सूर्यास्तालाच. पोटासाठी जेवायचं तर पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या बाजारांच्या आसपास राहा. पणजीत मार्केटच्या मागच्या गल्ल्या, 18 जून रस्ता, 31 जानेवारी रस्ता. (रस्त्यांना तारखांची नावं बघून मी पहिल्यांदा चक्रावलो होतो. 18 जून 1946 ला लोहियांनी मडगावात पोर्तुगीज राजवटीविरुद्ध सभा घेतली, त्याची ती आठवण. 31 जानेवारी मात्र पोर्तुगालातल्या 1891 च्या उठावाची, पोर्तुगीज गेले तरी राहिलेली.) म्हापशाला शुक्रवारी बाजार भरतो, त्या दिवशी उपाशी पोटी जा.

हॉटेल ओळखायचं कसं? पाऊण वाजता दारात उभं राहून आत कोण बसलंय ते बघा. बँकेतले कारकून, कोर्टातले वकील, टेम्पोवाले एकाच बाकावर दाटीने बसलेले असतील तर आत शिरा. मेनूकार्डावर जेवणाचे रंगीत फोटो असतील तर निघा. दोननंतर गेलात तर चांगला मासा संपलेला असतो, तीनला शटर खाली येतं आणि चारपर्यंत गाव झोपतं. याला आळस म्हणणारे आपलेच लोक भेटतील. त्यांचं ऐकू नका, ते एक-दोन वर्षांत परत जातात.

आता पैसे वाचवण्याची खरी मेख. फिश थाळी ही दुपारची गोष्ट आहे. बहुतेक ठिकाणी रात्री थाळी नसते, प्रत्येक पदार्थ वेगळा मागवावा लागतो आणि तेच जेवण तिप्पट पडतं. आपण देशावरची माणसं दुपारी डबा नाहीतर वडापाव आणि रात्री भरपेट, या सवयीची. ती इथे उलटी करा. साधी थाळी सध्या 150 ते 250 रुपयांच्या दरम्यान येते. त्यात शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे नारळाच्या वाटणातली माशाची आमटी, रव्यात तळलेला बांगडा किंवा एखादा तुकडा, सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची किसमूर, एक भाजी, नशीब असेल तर तिसऱ्यांचं सुकं, आणि सोलकढी. 'उकडें की सुरय?' असं विचारलं तर उकडें म्हणा. जाड, लालसर तांदूळ असतो, हुमण त्याच्यावरच शोभतं. शीत आणि हुमण बहुधा पुन्हा वाढतात. मासा पुन्हा वाढत नाहीत, त्यासाठी वाढप्याशी वाद घालणारा पुणेकर मी डोळ्यांनी पाहिलाय. चपातीसाठीही हटून बसू नका. मिळते, पण ती तुमची समजूत काढण्यापुरती असते.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मेनूकार्डावर काही माशांपुढे आकडा नसतो, 'एपीएस' अशी तीन अक्षरं असतात. म्हणजे माशाच्या आकाराप्रमाणे दर. 2006 च्या डिसेंबरात आई-बाबा आणि धाकटा भाऊ पहिल्यांदा आले. त्यांना घेऊन मी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात गेलो. वेटर ताटात मासे मांडून घेऊन आला, गोड बोलला, "हा चणक बघा साहेब, सकाळचाच." बाबा खूश. मी ऐटीत म्हणालो, करा. सोबत एक पापलेटही करा. दर विचारला नाही. आईसमोर दर विचारायची लाज वाटली, दुसरं काही नाही. बिल आलं 2,300 रुपये. तेव्हा माझा पगार नऊ हजार होता. खिशात चौदाशे. भावाला टेबलापाशी बसवून मी एटीएम शोधत दोन किलोमीटर चाललो. बाबा परतीच्या बसमध्ये एक शब्द बोलले नाहीत, आणि आई सातारला गेल्यावर सहा महिने सगळ्यांना सांगत होती की गोव्यात मासा सोन्याच्या भावाने मिळतो.

तर: दर विचारा. वजन विचारा. वजन कच्च्या माशाचं की साफ केलेल्याचं, तेही विचारा. एकूण किती होतील हे वेटरच्या तोंडून आकड्यात वदवून घ्या आणि मगच 'करा' म्हणा. गोंयकारही विचारतो, त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. इसवण म्हणजे आपली सुरमई, चणक म्हणजे जिताडा, पापलेट, मोठी सुंगटां, कुर्ल्या यांच्या बाबतीत तर विचारल्याशिवाय पाण्याचा घोटही घेऊ नका. बांगडा आणि तारली खाल तर हा प्रश्नच येत नाही. आणि माझं ऐकाल तर तेफळं म्हणजे तिरफळं घातलेलं बांगड्याचं हुमण खाल्लेल्याने पापलेटच्या मागे लागू नये.

दुसरी अडचण पाटीची. 'बार अँड रेस्टॉरंट' वाचलं की आपण बायकोमुलांना घेऊन पुढे जातो, कारण आपल्याकडे त्या पाटीमागे लाल दिवा आणि पडदे असतात. इथे तसं नाही. आजी, नातवंडं, शेजारच्या टेबलावर फेणी घेणारे दोन म्हातारे, सगळे एका खोलीत जेवतात. चिकन शाकुती, काफ्रेआल, सोरपोटेल खायचं तर अशाच जागा. मी पहिली तीन वर्षं या पाटीला घाबरून काढली, त्याचं अजून वाईट वाटतं. सोरपोटेल आणि चोरीस (गोव्याचं सॉसेज) डुकराचं असतं, काही ठिकाणी बीफही असतं. चालत नसेल तर आधी विचारा, कुणी रागावत नाही.

सकाळी भाजीपाव. मुंबईची पावभाजी डोक्यातून काढा. पातळ भाजी, सुकी भाजी, दोन्ही मिसळून मिक्स, सोबत पाव, मिरची भजी आणि केळ्याचा गोडसर बन्स. पणजीत कॅफे टाटो आणि कॅफे भोसले ही नावं कुणीही सांगेल. बसायला जागा मिळाली तर शेजाऱ्याच्या कोपराची सवय करून घ्या. रात्री गाड्यावरचं रस आमलेट: आमलेटवर शाकुतीचा रस्सा, वर कांदा, सोबत पाव. दुपारी थाळी झाली असेल तर एवढं पुरतं. घरी राहणाऱ्यांसाठी पोदेर, म्हणजे पाववाला, आहेच. सायकलचा भोंगा वाजला की पिशवी घेऊन खाली धावा. पोई घ्या, उंडो घ्या.

शाकाहारी असाल तर शिवराक हा शब्द पाठ करा. उडपी हॉटेलं आहेत, पण खतखतें (मिश्र भाज्यांचं) आणि मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची) मिळणारी जागा सापडली तर सोडू नका.

प्रवासाचं एवढंच, की स्वस्त जेवणासाठी टॅक्सी केलीत तर ते स्वस्त राहत नाही. दिवसा बस आणि जवळच्या जवळ पायलट, म्हणजे मोटारसायकलवाले. बसायच्या आधी भाडं ठरवा.

बोलण्याबद्दल. तुम्ही मराठी बोललात तरी जवळजवळ सगळ्यांना कळतं आणि बरेच जण मराठीतच उत्तर देतात. त्याचा गैरसमज करून घेऊ नका. कोकणी ही मराठीची बोली, हे आपलं लाडकं वाक्य जेवणाच्या टेबलावर काढू नका. 1987 साली ती इथली राजभाषा झाली, त्याआधी त्यासाठी रस्त्यावर माणसं मेली आहेत. घाटापलीकडच्या माणसाला इथे 'घाटी' म्हणतात, ऐकायला लागतं; आपल्यातले काही जण त्याला निमित्त पुरवतात, हेही खरं. "आज ताजें नुस्तें कितें आसा?" एवढं विचारायला शिका. वाढपी ज्या माशाचं नाव घेताना क्षणभर थांबेल तो मागवू नका. निघताना "कितले जाले?" म्हणजे किती झाले, आणि "देव बरें करूं" म्हणजे धन्यवाद.

शेवटी कॅलेंडर बघा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटात येतो तो बर्फातला, बाहेरून आलेला नाहीतर खाडीतला मासा. खाडीतला मिळाला तर उत्तम, नाहीतर सुकं खा. सोमवारी आणि श्रावणात बऱ्याच हिंदू हॉटेलांत मासा नसतो, रविवारी कित्येक बंद. आणि चवथ, म्हणजे आपली गणेश चतुर्थी! पहिल्या वर्षी मला वाटलं, सण आहे म्हणजे हॉटेलं फुललेली असतील. सगळा माणूस आपापल्या गावच्या घरी गेलेला, पणजीत चहासुद्धा मिळेना. दुपारपर्यंत बिस्किटांवर काढली, मग घरमालकीणबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट पाठवलं. तुमची घरमालकीण गावी गेलेली असू शकते. आदल्या दिवशीच बटाटे, तांदूळ, दूध आणि गॅसचा सिलिंडर बघून ठेवा.