लाइन तुटल्यावर केसपेपरचं काय होतं? दवाखान्याची केंद्रं जोडताना या चुका टाळा

सोलापुरात मुख्य दवाखाना, अक्कलकोटला ओपीडी, मोहोळला रक्ताचे नमुने घेण्याचं केंद्र, पंढरपुरात आठवड्यातून दोन दिवस तपासणी. अशी केंद्रं एका सॉफ्टवेअरवर आणताना पहिली चूक होते ती इंटरनेट कायम चालू राहील असं धरून चालण्याची. रस्त्याच्या कामात केबल तुटते, वळवाच्या पावसात लाइट जाते, आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी जमले की मोबाइलला रेंज असून डेटा सरकत नाही. म्हणून नोंद आधी त्या केंद्रातल्याच मशीनवर साठली पाहिजे आणि लाइन आली की मुख्य सर्व्हरकडे गेली पाहिजे. हे जमतं का, ते ओपीडी सुटल्यावर केबल काढूनच बघा.

खरा धोका लाइन परत येते तेव्हा असतो. बऱ्याच ठिकाणी ‘शेवटची नोंद खरी’ एवढाच नियम असतो. समजा, लाइन बंद असताना अक्कलकोटच्या डॉक्टरांनी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहिली. तासाभराने सोलापुरात कुणी त्याच पेशंटचा फोन नंबर बदलला. पूर्ण केसपेपर एकच नोंद म्हणून साठत असेल, तर नवा फोन नंबर राहतो आणि अ‍ॅलर्जी पुसली जाते. कुठेही एरर दिसत नाही. हे जिवावर बेतू शकतं. अ‍ॅलर्जी, औषध, पत्ता, प्रत्येकाची नोंद वेगळी ठेवा. दोन्हीकडच्या अ‍ॅलर्जी एकत्र करा. एखादी रद्द करायची तर डॉक्टरांनीच, कारण लिहून. डोस दोन्हीकडे वेगळा बदलला असेल तर सॉफ्टवेअरने निवाडा करू नये, दोन्ही नोंदी डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.

मशीनच्या घड्याळावरही डोळे झाकून विसंबू नका. मदरबोर्डचा सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते. सगळी घड्याळं एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून अचूक वेळ घेण्याच्या पद्धतीने, जुळवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांतही ते आहे, शिवाय लॉग, म्हणजे सिस्टिममध्ये काय काय घडलं त्याची नोंद, 180 दिवस ठेवणं आणि सायबर घटना 6 तासांत कळवणंही.

‘सेव्ह’ दाबून उत्तर आलं नाही की सिस्टर पुन्हा दाबणारच, त्यात त्यांची चूक नाही. औषधाची ऑर्डर तयार होतानाच तिला स्वतःचा क्रमांक द्या, म्हणजे तीच ऑर्डर दोनदा पोचली तरी इंजेक्शन एकदाच लागेल.

नावांचा घोळ तर आपल्याकडचाच. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणाऱ्या या शहरात एकच माणूस सिद्राम, सिद्धराम, सिद्धाराम असा तीन केंद्रांवर तीन तऱ्हांनी लिहिला जातो. नुसत्या नावावरून केसपेपर जोडू नका. आभाचा, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा, 14 अंकी क्रमांक घ्या, पण बेशुद्ध पेशंटकडे तो मिळेलच असं नाही, म्हणून दवाखान्याचा स्वतंत्र क्रमांक हवाच.

सगळ्या वॉर्डाला एकच पासवर्ड, तोही मॉनिटरवर चिकटवलेला, हे मी अनेकदा पाहिलंय. नुसतं रागावून ते थांबत नाही. लॉगिनला मिनिट लागत असेल तर माणसं पळवाट शोधतात. कार्ड टेकवून दोन सेकंदांत आत जाता येईल अशी सोय करा. तातडीच्या वेळी कुठलाही केसपेपर उघडता यावा, पण कुणी, कधी, का उघडला याची नोंद राहावी.

23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि पुढे कित्येक दिवस काम कागदावर चाललं. अशा हल्ल्यात सर्व्हरवरचा डेटा कुलूपबंद केला जातो, आणि बॅकअपची डिस्क सर्व्हरलाच जोडलेली असेल तर त्याबरोबर तीही कुलूपबंद होते. एक प्रत नेटवर्कपासून तोडून, दुसऱ्या इमारतीत ठेवा. दर तीन महिन्यांनी तिच्यावरून रिकाम्या मशीनवर सगळं उभं करा, किती तास लागले ते लिहा, आणि तेवढे तास पुरतील इतके छापील केसपेपर प्रत्येक केंद्राच्या कपाटात ठेवा.