एमएमए चॅम्पियनले पैसे कमी भेटते का, हे कसं मोजायचं अन् आपल्या पोट्ट्यानं सही कराच्या आधी काय पाहायचं

पोळा झाला की आमच्या गावात आमदंगल भरते अन् दंगल सुटली की पाराखाली पोट्ट्यांच्या गप्पा. यंदा कोणीतरी मोबाईलवर यूएफसीची फाइट लावली होती (यूएफसी म्हणजे एमएमएची सगळ्यात मोठी अमेरिकी कंपनी, अन् एमएमए म्हणजे पिंजऱ्यात कुस्ती, बॉक्सिंग, लाथा सारं चालते तो खेळ), तर एक जण म्हणे, "एका फाइटचे पाच कोटी घेते हा चॅम्पियन, तरी रडते काहून?" मले तेव्हा तिथं उत्तर देता आलं नाही, कारण हे एका वाक्यात सांगता येत नाही. मी सहा वर्षं मातीत घातली, आता भाचा नागपूरले एमएमए करते, अन् त्याच्या कराराच्या मागं लागून मले हा सारा हिशेब शिकावा लागला. तो कसा लावायचा ते लिहितो. आता आपल्याकडेही पिंजऱ्यातल्या फाइटा होऊन रायल्या अन् पोट्टे कागद न वाचता सह्या करून रायले.

सगळ्यात आधी पाच कोटी हा आकडा बाजूले ठेवा. किती भेटले हे पाहूच नका, शंभरातले किती भेटले ते पाहा. कास्तकाराले हे समजवायची गरज नाही. 2025-26 ले लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल होता, ऐकाले बरा वाटते, पण त्या कापसाची सरकी निघते, गाठ होते, सूत होते, कापड होते, शर्ट होते, अन् शर्टाच्या किमतीतले आपल्या वावरात किती येते ते पाहिलं की पोटात खड्डा पडते. फायटरचं तसंच हाय.

तर मोजा. अमेरिकेत बास्केटबॉलच्या एनबीएत लीगच्या कमाईतला साधारण अर्धा वाटा खेळाडूंचा असते, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये जवळपास 48 टक्के. यूएफसीत फायटरांचा वाटा वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याच्याही खाली रायला, हे कोर्टाच्या केसमध्ये निघालेल्या कागदांवरून साऱ्या जगाले कळलं. हेच यूएफसी 2001 मध्ये फक्त 20 लाख डॉलरले विकत घेतलं होतं अन् 2016 मध्ये साधारण 400 कोटी डॉलरले विकलं. अन् आता फाइटा दाखवायले पॅरामाउंट या अमेरिकी कंपनीसोबत 2026 पासून सात वर्षांचा सौदा झाला तो 770 कोटी डॉलरचा. कंपनीची बाजूही खरी हाय, सुरवातीची वर्षं मालकांनी तोटा सोसला, 2005 च्या टीव्ही कार्यक्रमानंतर गाडी रुळावर आली, धोका त्यांनी घेतला तर नफा त्यांनी घ्यावा, मी नाही म्हणत नाही. पण पाहणारा माणूस पिंजरा पाहाले येत नाही न, पिंजऱ्यातल्या दोघांले पाहाले येते.

मग दुसरं, हातात काय येते ते काढा. कापसाचा चुकारा घेताना हमाली, तोलाई, उधारी कापून उरते ते आपलं, तसंच. नवीन फायटरले यूएफसीत साधारण 12 हजार डॉलर उतरल्याचे अन् जिंकला तर अजून 12 हजार, असा करार बातम्यांत येत रायला. सोपं पडते म्हणून डॉलर 85 रुपये धरा. पोट्टा हरला तर 12 हजार. फाइट अमेरिकेत झाली तर परदेशी खेळाडूचे सहसा 30 टक्के तिथंच कापते, म्हणजे 3,600 गेले. मॅनेजर दहा टक्के धरला तर 1,200, जिम अन् कोचचे दहा टक्के धरले तर अजून 1,200. उरले 6,000 डॉलर, म्हणजे 5 लाख 10 हजार. त्यातून दोन महिन्यांचा तयारीचा कॅम्प, खुराक, फिजिओ, खोलीभाडं, सोबत जास्तीचा माणूस नेला तर त्याचं तिकीट. अन् वर्षात दोनच फाइटा झाल्या, नाक मोडलं तर एकच. पाराखालच्या पोट्ट्यांले मी हा हिशेब नंतर पाटीवर लिहून दाखवला तर सारे गप्प झाले.

चॅम्पियनचं गणित वेगळं असते. त्याले उतरल्याची मोठी रक्कम ठरलेली असते अन् 2025 पर्यंत वरून पे-पर-व्ह्यूतला वाटाही भेटत होता, म्हणजे जितक्या लोकांनी पैसे भरून फाइट पाहिली तितका. आता पॅरामाउंटच्या सौद्यात अमेरिकेतलं पे-पर-व्ह्यूच बंद झालं, मग चॅम्पियननं वाढीव पैसा कशाच्या जोरावर मागायचा, हे नव्यानं मांडावं लागते. बाकी एक गोष्ट पाहून ठेवा, कपड्यांचे पैसे. 2015 पर्यंत फायटर आपल्या चड्डीवर, बॅनरवर स्वतःचे स्पॉन्सर लावू शकत होता. मग कंपनीनं सगळ्यांले एकच गणवेश केला, आधी रीबॉक, 2021 पासून वेनम. वेनममध्ये नवीन पोट्ट्याले फाइटमागं 4,000 डॉलर अन् चॅम्पियनले 42,000 असं ठरलं. चॅम्पियनच्या छातीवरची जागा कोणत्या भावानं जाते हे त्याले स्वतःले ठरवता येत नाही. आपल्या दंगलीत पैलवानाले गावातला दुकानदार इनाम लावते, कोणी तुपाचा डबा देते, तिथं मधात कोणी हात घालत नाही.

आता कराराचं. हे नीट वाचा, कारण पैसा इथंच अडते. चॅम्पियनच्या करारात असं कलम असू शकते की चॅम्पियनचा पट्टा तुमच्याकडं असला की करार आपोआप पुढं वाढते. म्हणजे जो जिंकला तोच जास्त बांधला गेला, बाजारात जाऊन आपला भाव विचारायची त्याले सोय नाही. जखमी झाला किंवा फाइट नाकारली तर तेवढे महिने कराराले जोडले जाते. करार संपल्यावरही दुसऱ्यानं काय देऊ केलं ते आधी जुन्या मालकाले दाखवायचं, त्यानं तेवढेच दिले तर तिथंच राहायचं. बॉक्सिंगमध्ये असं बांधून ठेवण्याविरुद्ध अमेरिकेत 2000 साली मुहम्मद अली यांच्या नावाचा कायदा झाला, एमएमएले तो लागू नाही.

हे समजून घ्यायचं असेल तर फ्रान्सिस एनगानूचं पाहा. कॅमेरूनचा माणूस, पोरवयात रेतीच्या खाणीत खपला. 2021 मध्ये हेवीवेट चॅम्पियन झाला. जानेवारी 2022 ले गुडघा फाटलेला असताना सिरिल गानसोबत पाचही राउंड लढून जिंकला, त्याचे जाहीर झाले 6 लाख डॉलर, तेच हे पारावरचे पाच कोटी. त्यानं आरोग्य विमा मागितला, स्वतःचे स्पॉन्सर मागितले, फायटरांच्या बाजूनं बोलणारा एक माणूस मागितला, नाही भेटलं. मग करार संपू दिला अन् जानेवारी 2023 ले पट्टा सोडून निघून गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रियाधले बॉक्सिंगचा हेवीवेट चॅम्पियन टायसन फ्युरीसोबत बॉक्सिंग लढला, फ्युरीले खाली पाडलं, गुणांवर हरला, अन् त्या एका रात्रीचे साधारण एक कोटी डॉलर भेटल्याचं छापून आलं. माणूस तोच, मुठी त्याच. बाहेर भाव करता आला म्हणून एवढा फरक पडला. मले त्याची अजून एक गोष्ट लय आवडते, नवीन कंपनीसोबत करार करताना त्यानं अट टाकली की माझ्यासमोर जो उभा राहील त्याले कमीत कमी 20 लाख डॉलर द्यायचे.

म्हणून मी म्हणतो, चॅम्पियनले जास्त भेटलेच पाहिजे, पण तो पैसा सुरवातीच्या फाइटांतल्या पोट्ट्यांच्या ताटातून काढून नको. कंपनीच्या ऐंशीतून यावा. 2014 ले फायटर यूएफसीविरुद्ध कोर्टात गेले तेव्हा काही हाती येईन असं कोणाले वाटलं नसेल, पण 2024 मध्ये जजनं साडे तेहतीस कोटी डॉलरची तडजोड कमी म्हणून फेटाळली अन् मग साडे सदतीस कोटींवर तोड निघाली, 2025 ले तिले शेवटची मंजुरी भेटली. डिसेंबर 2010 ते जून 2017 मध्ये लढलेले हजाराच्या वर फायटर होते त्यात. एकेकट्यानं मागून एवढं नसतं आलं.

आता आपल्या घरचं. 2017 मध्ये आपला भरत खंडारे शांघायले यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला, 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या बुढाण्याची पूजा तोमर यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय बाई झाली, त्यामुळं खेड्यातले पोट्टे पोरी इकडं येणारच. माझा भाचा पहिल्यांदा लढला तेव्हा आयोजकानं फोनवर 15 हजार सांगितले, हातात ठेवले 4 हजार अन् एक प्रमाणपत्र, भुवईवरच्या टाक्यांचे पैसे ताईनं दिले. फोनवरच्या शब्दाले काही पुरावा नव्हता. तेव्हापासून आम्ही असं करतो अन् तुम्हीही करा बाप्पा.

रक्कम कागदावर पाहिजे अन् निम्मी वजन झालं की खात्यात पडली पाहिजे, रोख नको. उतरल्याचे पैसे जास्त मागा, जिंकल्याचे कमी असले तरी चालते, कारण पंचाचा निकाल आपल्या हातात नाही पण मार खाणं ठरलेलं हाय. पिंजऱ्यापाशी डॉक्टर अन् बाहेर ॲम्ब्युलन्स हाय का हे आयोजकाले आधीच विचारा, तो चाचरला तर गाडी परत फिरवा, इनाम किती का असेना. रक्ताच्या तपासण्या, टाके, डोक्याचं स्कॅन, याचा खर्च कोणाकडं ते लिहून घ्या. किती फाइटा अन् किती महिने बांधून ठेवणार, त्या मुदतीत कुस्तीची दंगल खेळू देणार का, हेही विचारा, आमच्या कागदात तर मातीतली कुस्तीही बंद लिहिली होती अन् ते अकराव्या पानावर होतं. मॅनेजरचा टक्का फाइटच्या पैशावर की जिममधल्या शिकवणीच्या पैशावरही, ते वेगळं लिहा.

अन् त्याच दिवशी सही करू नका. कागद इंग्रजीत असते, तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्या एखाद्या वकिलाले फी द्या अन् एकेक कलम मराठीत सांगायले लावा, पोट्ट्यासमोर, त्याच्या मायसमोर. साऱ्या पानांचे फोटो काढून घरातल्या दोन मोबाईलवर ठेवा.

भाच्याचा आताचा करार आम्ही तीन ओळी बदलून परत पाठवला. तो म्हणे, "मामा, ते नाराज होईन न." मी म्हटलं होऊ दे, दुकानात भाव केला म्हणून दुकानदार दुकान बंद करत नाही. त्यांनी मुदत तीन वर्षांवरून दीडवर आणली, मातीतली कुस्ती मोकळी केली, स्कॅनचा खर्च काही मानला नाही. मग आम्ही त्याचा अपघात विमा काढायले घेतला, अन् तिथंही आधी विचारलं की अशा खेळातली जखम त्यात बसते का, कारण साध्या पॉलिसीत असे खेळ बरेचदा वगळलेले असते. दोन विमावाल्यांनी नाही म्हटलं, तिसऱ्यानं जास्त हप्ता घेऊन लिहून दिलं. ते लिहून भेटल्यावर भाच्यानं करारावर सही केली.