दुबई तीन तासांवर, पण बेळगावातून निघायचं कधी? या चुका टाळा

भाच्याच्या तिकिटावर लिहिलं होतं: १५ तारीख, ००:४०, मुंबई ते दुबई. घरात सगळ्यांनी धरलं, १५ ला दुपारी जेवून निघायचं. १४ ला सकाळी नऊ वाजता मी सहज तिकीट मागून घेतलं आणि पोटात गोळाच आला. बॅग अजून खाटेवर उघडी, शेजारी कुंद्याचा डबा. "अरे, विमान आज रात्रीच आहे!"

सगळ्यात घातक चूक हीच. ००:४० म्हणजे १४ ची रात्र संपून चाळीस मिनिटं. चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणजे १४ लाच रात्री ११:४० ला. तीन तास आधी पोचायचं तर रात्री ९:४०. निपाणी, कोल्हापूर, सातारा, पुणे करत मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर, नऊ-दहा तास धराच. वाटेतल्या ट्रॅफिकसाठी वेळ राखायचा तर सकाळी दहालाच गाडी सुटायला हवी. आमची साडेदहाला सुटली आणि थोडक्यात निभावलं.

दुसरी चूक वजाबाकीची. मुंबईहून पहाटे ४:३० ला निघून दुबईत ६:१५ ला पोचतं, म्हणून प्रवास पावणेदोन तासांचा नव्हे. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. दुबईचं घड्याळ आपल्या मागे दीड तास, म्हणून खरा प्रवास सव्वातीन तासांचा. येताना हाच दीड तास उलटा वाढलेला दिसतो. दोहा, कुवेत अडीच तास मागे. लंडनचं तर उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथं घड्याळं बदलतात, त्या आठवड्यात घरून फोन करणाऱ्यांचीही गफलत होते.

आता अंतर. मुंबई-दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. त्याला ताशी ८५० नं भागलं की सव्वादोन तास येतात, आणि लोक विचारतात, वरचा तास कुठं गेला? धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं, गर्दी असली तर वर घिरट्या, सगळं त्यात धरलेलं असतं. शिवाय उंचावर वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात, म्हणून परतीला वेळ थोडा कमी लागतो. अंतर मैलात दिलं असेल तर साधे मैल की नॉटिकल, तेवढं बघा: एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा.

सांब्र्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, थेट परदेशी विमान नाही, म्हणून बरेच जण गोवा धरतात. तिथं विमानतळ दोन: जुना दाबोळी आणि २०२३ पासून मोपा. तिकिटावर नुसतं 'गोवा' वाचून निघू नका, दोन्ही टोकं वेगळी आहेत. पावसाळ्यात गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात धुकं असतं, दरड पडते. तेव्हा दोन तास जादा ठेवा.

एवढं करूनही उशीर होतोय असं दिसलं, तर विमान सुटायच्या आधी एअरलाइनला फोन करून तारीख बदलता येते का विचारा. विमान सुटल्यावर 'नो शो', म्हणजे प्रवासी आलाच नाही असा शेरा लागतो आणि बहुतेक वेळा परतीचं तिकीटही त्याच्यासोबत जातं.