१५ मिलिमीटर उंचीवरून मॉडेलचा फोटो

इमारतीच्या १:१०० च्या, म्हणजे खऱ्याच्या शंभराव्या हिश्शाच्या मॉडेलमध्ये उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १५ मिमीवर येतात. १:५० ला ३० मिमी, १:२०० ला जेमतेम साडेसात. कॅमेरा हातात घेण्याआधी आपल्या स्केलचा आकडा बेसच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवा, कारण नवख्यांचे बहुतेक फोटो इथंच फसतात. डीएसएलआरची किट लेन्स ६५-७० मिमी व्यासाची असते. ती बेसवर टेकवली तरी तिचा मध्य ३५ मिमीवर, म्हणजे १:१०० ला साडेतीन मीटरवर राहतो. मग समोरची इमारत पहिल्या मजल्याच्या खिडकीतून बघितल्यासारखी येते, रस्त्यानं जाणाऱ्याला दिसते तशी येत नाही.

समोरचा दर्शनी भाग घ्यायचा असेल तर सोपं आहे: मॉडेल टेबलाच्या अगदी कडेला ओढा आणि लेन्स कडेबाहेर थोडी खाली उतरवा. अंगणात किंवा बोळात शिरायचं असेल तर मोबाईलच कामाचा. कव्हर काढून फोन उलटा उभा करा, म्हणजे लेन्स खाली येते. बऱ्याच फोनमध्ये लेन्सचा मध्य वरच्या कडेपासून १० ते २० मिमीवर असतो. पट्टीनं मोजा, कमी पडलं तर खाली माउंटबोर्डचे (जाड कार्डाचे) तुकडे सरकवा. १:२०० ला फोनही उंच पडतो. तिथं साडेपाच मिमी व्यासाचा एंडोस्कोप कॅमेरा शिरतो, पण त्याचं चित्र सादरीकरणाच्या शीटवर मोठं छापण्याजोगं नसतं. भंगारातल्या स्कॅनरमधल्या आरशाचा तुकडा ४५ अंशात उभा करून वरून फोन धरला तर जास्त स्वच्छ चित्र मिळतं. स्कॅनरच्या आरशाचा मुलामा पुढच्या बाजूला असतो. घरातल्या आरशाचा मागं असतो, म्हणून त्यात प्रत्येक कडा दुहेरी दिसते. आरशातलं चित्र नंतर डावं-उजवं उलटवायला विसरू नका.

उंची बरोबर आली की नाही, हे मॉडेलमधली माणसं सांगतात. सपाट जमिनीवर जवळचं आणि लांबचं, दोन्ही माणसांचे डोळे एकाच आडव्या रेषेत आले पाहिजेत. लांबच्या माणसांचे डोळे जवळच्याच्या वर गेले तर कॅमेरा उंच आहे. कॅमेरा वर-खाली कलंडू देऊ नका. कलंडला की भिंती आत किंवा बाहेर झुकतात.

आता धूसरपणा, कारण मॉडेल ‘खेळणं’ वाटतं ते बहुधा त्याच्यामुळं. ५० मिमीची लेन्स एफ २.८ ला सुमारे १८ मिमी रुंद भोकातून बघते (लेन्सच्या मिमीला एफच्या आकड्यानं भागलं की भोकाची रुंदी मिळते). १:१०० च्या जगात तो १.८ मीटर रुंदीचा डोळा झाला. एवढ्या मोठ्या डोळ्याला पुढचं-मागचं एकदम स्पष्ट दिसणं शक्यच नाही, आणि बघणाऱ्याला वस्तू छोटी आहे हे लगेच कळतं. १८ मिमी लेन्सवर एफ १६ ठेवलं तर भोक १.१ मिमीवर येतं. एपीएस-सी (साध्या डीएसएलआरमधल्या) सेन्सरवर ३० सेंमीला फोकस केल्यास साधारण २३ ते ४२ सेंमीपर्यंतचं स्पष्ट येतं. एफ २२ च्या मोहात पडू नका, भोक फार बारीक झालं की सगळंच चित्र मऊ पडतं. त्यापेक्षा एफ ११ वर कॅमेरा न हलवता पुढून मागे फोकस सरकवत ८ ते १२ फोटो घ्या आणि हेलिकॉन फोकससारख्या सॉफ्टवेअरमध्ये जोडा. फोनची अल्ट्रावाइड लेन्स मुळातच बारीक भोकाची असल्यानं इथं तिची सरशी होते. मात्र ती जवळचं फोकस करते का हे आधी तपासा: वर्तमानपत्र ५ सेंमीवर धरून अक्षरं वाचता आली पाहिजेत. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा.

इतक्या खाली ट्रायपॉड जात नाही. जोंधळे भरलेली छोटी पिशवी लेन्सखाली ठेवा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, २ सेकंदांचा टायमर.

उजेड एकच हवा, आणि लांबून. सूर्य आपल्याला अर्ध्या अंशाएवढा दिसतो. २ मीटरवरचा १७-१८ मिमीचा दिवा तसाच दिसतो आणि सावलीची कडा तशीच येते. टेबललॅम्प जवळ ठेवला की सावल्या पंख्यासारख्या फाकतात, फसवणूक तिथंच उघडी पडते. दुसऱ्या बाजूनं ६० सेंमीवर पांढरा थर्माकोल उभा केला की आभाळाचा उजेड झाला. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर एक भिंत पिवळी आणि एक हिरवट येईल.

दिवा कुठं ठेवायचा हे मनानं ठरवू नका. बेसवर १० सेंमीची काडी उभी करा. बेळगाव १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथं २२ डिसेंबरला भर दुपारी काडीची सावली ८.२ सेंमी, उत्तरेकडं पडते. २१ मार्चला २.८ सेंमी. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, म्हणून २१ जूनला सावली १.३ सेंमी आणि तीही दक्षिणेकडं. डिसेंबरात ही ‘भर दुपार’ घड्याळात साडेबाराला येते. दिवा हलवत सावली जुळवा. डिसेंबरच्या दुपारी उत्तरेकडच्या भिंतीवर लख्ख ऊन दाखवलेलं चित्र जाणत्या परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

जमिनीवरून बघताना मॉडेलचे दोष शंभरपट होतात. ५ मिमीचा सनबोर्ड (फोमची शीट) १:१०० ला अर्धा मीटर जाडीची भिंत होतो. २३ सेंमीची भिंत हवी तर २.३ मिमी. बेळगावजवळच्या खानापूर-नंदगडकडचं कौलारू घर करताना छपराला खोक्याचा जाड पुठ्ठा वापरतात. त्याची एक लाट साधारण ८ मिमीची, १:५० ला ४० सेंमी. वरून ते खपतं. सोप्यासमोर उभं राहून पाहिलं की छप्पर घरावर चढून बसल्यासारखं दिसतं. बारीक लाटेचा, साडेतीन मिमीच्या आसपासचा पुठ्ठा घ्या. फेव्हिकॉलचा थेंब, कटरनं निघालेलं कुसळ, बेसवरचा केस हे सगळं कोरड्या मऊ ब्रशनं आणि चिमट्यानं काढा, आणि दोन-तीन फोटोंनंतर पुन्हा बघा. पावसाळ्यात माउंटबोर्ड दमट होऊन कडा उचलतो, तेव्हा चिकटवल्यावर रात्रभर पुस्तकांच्या वजनाखाली ठेवा.

पांढरं मॉडेल कॅमेरा राखाडी करतो, एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा.

दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत गच्चीचा कठडा हा उत्तम स्टुडिओ आहे. क्षितिज नेहमी लेन्सच्याच उंचीला येतं, त्यामुळं मागचे खरे डोंगर आणि झाडं मॉडेलच्या रस्त्याशी आपोआप जुळतात. वारा सुटायच्या आत, सकाळी करा. बसनं मॉडेल न्यायचं असेल तर हे सगळं आदल्या दिवशी उरका. शीटवर फोटोखाली एक ओळ लिहा: स्केल १:१००, नजर १५ मिमी, २२ डिसेंबर, दुपारी साडेबारा.