होमबिल्टसाठी जुनं इंजिन घेताय? तास नंतर बघा, आधी गंज बघा

विमान स्वतः बांधणारा प्रत्येक जण कधी ना कधी इथे येतो, पंख झाले, फ्युजलाज (धड) चाकांवर उभं राहिलं, आता फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीच्या) पुढे कुठलं इंजिन बसवायचं. नवं इंजिन परवडत नाही म्हणून आपण जुनी बघायला लागतो आणि प्रत्येक जाहिरातीत पहिला आकडा तासांचा. माझंही तेच झालं. ओव्हरहॉलनंतर, म्हणजे पूर्ण उघडून, तपासून पुन्हा जोडल्यानंतर, फक्त ४०० तास चाललेलं लायकॉमिंगचं ओ-३२० मिळालं, लॉगबुक खरं होतं, विकणाऱ्याने काही लपवलं नव्हतं, फक्त ते अकरा वर्षं नुसतं पडून होतं आणि त्याकडे मी लक्षच दिलं नाही. घरी आणून एक सिलेंडर काढला, आत टॉर्च मारला तर कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकावर तपकिरी ठिपके, आणि टॅपेटचं (कॅमवर टेकणाऱ्या पार्टचं) तोंड जे आरशासारखं गुळगुळीत पाहिजे तिथे नख अडकत होतं. बाहेरून मात्र नवा कोरा रंग. म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी कुठलं इंजिन ते ठरवा. ज्याने ड्रॉइंग काढलीत त्याने जे सांगितलंय तेच घ्या, ह्यात मला तरी दुसरं मत दिसत नाही. १०-१५ किलो जड इंजिन नाकावर आलं की सीजी (विमानाचा तोलबिंदू) पुढे सरकतो, मग बॅटरी मागे न्या, शेपटीत वजन टाका, माउंट (इंजिन धरणारी चौकट) बदला, काउलिंग (इंजिनावरचं झाकण) बदला, आणि कूलिंगचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. कॉन्टिनेन्टल ओ-२०० म्हणजे २७५० आरपीएमला १०० हॉर्सपॉवर, लायकॉमिंग ओ-३२० म्हणजे २७०० ला १५० किंवा १६०, दोन्हीत प्रोपेलर थेट क्रँकवर (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यावर). रोटॅक्स ९१२ यूएलएस १०० हॉर्सपॉवर देतं पण ५८०० आरपीएमला, पुढे २.४३ चा गिअरबॉक्स आहे म्हणून प्रोपेलर २४०० च्या आसपास फिरतो, हेड पाण्याने थंड होतात आणि सिलेंडर हवेने, म्हणजे रेडिएटरला जागा काढावी लागते पण वजनात खूप वाचतं. गाडीचं इंजिन बसवायचं असेल तर एवढं लक्षात घ्या की गाडी रस्त्यावर बहुतेक वेळ थोडीच पॉवर वापरते आणि विमान तासन् तास ६५-७५ टक्क्यांवर चालतं, शिवाय मधे रिडक्शन ड्राइव्ह (फिरण्याचा वेग कमी करणारा) आला की टॉर्शनल व्हायब्रेशन (शाफ्ट पिळणारी थरथर) येतं आणि ते गिअर, बेल्ट, शाफ्ट काहीही तोडू शकतं. ज्याला इंजिनवर प्रयोग करण्यातच रस आहे त्याने जरूर करावं, ज्याला उडायचंय त्याने विमानाचंच इंजिन घ्यावं.

नुसतं "ओ-३२०" एवढ्यावर पैसे देऊ नका, पुढची अक्षरं वाचा. माउंट कोनिकल की डायनाफोकल (चौकटीला बसायचे दोन प्रकार), कॉन्स्टंट स्पीड प्रोपेलर (उडताना पात्यांचा कोन बदलणारा) लावायचा असेल तर क्रँकमधून तेल जायची सोय आणि तो कोन सांभाळणाऱ्या गव्हर्नरची जागा आहे का, नॅरो डेक की वाइड डेक (सिलेंडरच्या बुडाचे दोन प्रकार). वाइड डेक असेल तर सिरियल नंबरच्या शेवटी ए असतो, आणि दोन्हीचे सिलेंडर एकमेकांना बसत नाहीत. ओ-३२०-एच२एडी हे मॉडेल १९७७ पासून सेसना १७२ मध्ये आलं, त्यात कॅम आणि टॅपेट खराब व्हायचा जुना आजार आहे आणि दोन्ही मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारी यंत्रं) एकाच ड्राइव्हवर आहेत. नीट सांभाळलेली एच२एडी चांगली चालतात, पण माझ्या विमानात मी घेणार नाही.

आता गंज. लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकच्या वर असतो, त्याला मुख्यतः उडालेलं तेल मिळतं, इंजिन पडून राहिलं की ते निथळून खाली जातं आणि कॅम कोरडा पडतो. आत ज्वलनाचं पाणी आणि आम्ल राहिलेलं असतंच. म्हणूनच कंपनी ओ-३२० च्या ओव्हरहॉलसाठी २००० तास सांगते तिथेच १२ वर्षंही सांगते. ओ-२०० मध्ये कॅम खाली आहे, तिथे हा त्रास कमी, पण सिलेंडरच्या भिंती तिथेही गंजतात. त्यामुळे १८०० तास झालेलं पण दर आठवड्याला उडणारं इंजिन मला ४०० तासांच्या झोपलेल्या इंजिनापेक्षा कधीही चालेल.

बघायला जाताना लॉगबुकमधल्या नोंदींच्या तारखा वाचा, दोन नोंदींमधे तीन वर्षं गेली असतील तर विचारा कुठे होतं. प्रोपेलर कशाला धडकला होता का हे स्पष्ट विचारा, हो म्हटलं तर पूर्ण उघडून तपासल्याशिवाय घेऊ नका, नाही म्हटलं तरी क्रँकच्या फ्लँजला (प्रोपेलर बसतो त्या चकतीला) वाकडेपणा मोजायला डायल गेज लावा. ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उजेडात उलगडा आणि चुंबक फिरवा, चुंबकाला चिकटलं तर स्टील, बहुतेकदा कॅम, टॅपेट नाहीतर रिंगचं. मग गरम इंजिनवर ८० पीएसआय दाबाची हवा सिलेंडरमध्ये सोडून कॉम्प्रेशन टेस्ट. इथे सांभाळा, पिस्टन टॉप डेड सेंटरवरून (सगळ्यात वरच्या जागेवरून) जरा हलला तर ती हवा प्रोपेलर जोरात फिरवते, म्हणून एका माणसाने प्रोपेलर घट्ट धरायचा आणि कोणी त्याच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. हवा कुठून गळते ते कानाने ऐका, एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून तर रिंग. ८० पैकी ६० च्या खाली आकडा आला की तो सिलेंडर निघणार असं धरूनच सौदा करा. बोअरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बघा, रंग मधून बाहेर सारखा असला तर ठीक, एकाच कडेला वेगळा पट्टा दिसला तर तिथे व्हॉल्व्ह जळायला लागलाय. आणि एवढं सगळं चांगलं आलं तरी कॅम दिसलेला नसतो, म्हणून पडून असलेल्या इंजिनाचा एक सिलेंडर काढून बघायची परवानगी मागा, मी मागितली नव्हती.

ओव्हरहॉल म्हटलं की लोकांना वाटतं सगळं नवीन घालायचं. खरं काम मोजण्याचं आहे. उघडताना प्रत्येक पार्ट कुठून निघाला ते लिहून टॅग लावा, पिस्टन, पुशरॉड, टॅपेट सगळं आपापल्या जागेवर परत जाईल असं. धुतल्यावर स्टीलचे पार्ट मॅग्नाफ्लक्सला (चुंबकाने तडे शोधणारी तपासणी), अॅल्युमिनियमचे डाय पेनिट्रंटला (रंगाने तडे शोधणारी), केसचे (इंजिनाच्या कवचाचे) तडे उघड्या डोळ्यांना दिसतीलच असं नाही. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मायक्रोमीटरने दोन दिशांना मोजा आणि ओव्हरहॉल मॅन्युअलच्या टेबलशी जुळवा. तीन, सहा, दहा थाऊ (इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइझचे बेअरिंग मिळतात पण जास्त घासलं की वरचा नायट्राइडचा कडक थर जातो आणि तो परत करून घ्यावा लागतो. फिक्स पिच (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) प्रोपेलरवाल्या क्रँकच्या पोकळ नाकात आतून गंजाचे खड्डे पडतात, तिथून क्रँक तुटू शकतो, तो भाग आवर्जून बघा. क्रँक आणि केस हे दोन मोठे खर्च आहेत, ते पास झाले की बाकी सगळं जमतं. रिंग घेताना सिलेंडर कुठला ते आधी ठरवा, क्रोम केलेल्या किंवा नायट्राइड सिलेंडरमध्ये क्रोम रिंग कधीच घालायच्या नाहीत, त्या बसतच नाहीत आणि इंजिन तेल पीत राहतं. इंजिनाने आधी कधी धातू सोडला असेल तर ऑइल कूलर बदला, धुवून तो पूर्ण साफ होतो असं मी मानत नाही.

जोडणी हा माझा सगळ्यात आवडता भाग. केसच्या दोन अर्ध्यांमधे गॅस्केट नसतं, एकाच बाजूवर सीलंटचा अगदी पातळ हात आणि त्यावर रेशमाचा बारीक धागा, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने वळणं घेत, कुठेही तुटू न देता. पहिल्यांदा करताना माझे हात थरथरले आणि तो धागा मी तीनदा काढून परत लावला. जाड सीलंट लावायचा मोह टाळा, तो आत दाबला जाऊन तेलाच्या वाटेत जातो आणि बेअरिंगची पकडही बिघडवतो. सिलेंडरच्या बुडाला तर सीलंट नको आणि रंगही नको, खाली चेपलं गेलं की नटाचा टॉर्क सुटतो आणि पुढे स्टड तुटतात. टॉर्क मॅन्युअलच्याच क्रमाने. मॅग्नेटोचं टायमिंग इंजिनाच्या डेटा प्लेटवर लिहिलेलं असतं, ऐकीव आकड्यावर लावू नका.

स्टार्ट करण्याआधी प्रत्येक सिलेंडरचा एक प्लग काढा आणि ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टरने फिरवा. सुरुवातीला साधं मिनरल ऑइल, ५० तास किंवा तेलाचा खप स्थिर होईपर्यंत. जमिनीवर उगाच चालवत बसू नका, कमी पॉवरवर रिंग बसत नाहीत आणि भिंतींवर चिकट चकाकी धरते, मग परत होनिंग (भिंती खरखरीत घासणं). बॅफल (हवा सिलेंडरकडे वळवणारे पत्रे) आणि काउलिंग नीट लावून पहिल्या उड्डाणांत ७५ टक्के पॉवर ठेवा, विमानतळाच्या वरच घिरट्या घाला, आणि सिलेंडर हेडचं तापमान एकदम खाली आलेलं दिसलं की रिंग बसल्या समजा.

आणि नंतर काही आठवडे उडता येणार नसेल तर पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करू नका, तेवढ्यात तेल गरम होत नाही, उलट आत आणखी पाणी जमतं. तेल १६५ फॅरेनहाइटच्या वर नेऊन तासभर उडवा, नाहीतर सरळ प्रिझर्व्हेटिव्ह ऑइल घालून प्लगच्या जागी डेसिकंट (ओल शोषणारे) प्लग लावा, ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) आणि एक्झॉस्ट बंद करा, आणि डेसिकंटचा रंग बदलला की लगेच बदला. माझ्या त्या ओ-३२० मध्ये नवा कॅम आणि आठ नवे टॅपेट घातले, आता त्याचे डेसिकंट प्लग मी दर रविवारी बघतो.