तिथीची पाऊणपट : ठाणे खाडी आणि येऊरमध्ये काम करू पाहणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी विषय शोधत होते तेव्हा माझ्या डोक्यात अंदमान होतं. आपलं ठाणं साष्टी बेटावरच वसलंय, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला येऊरचं जंगल, हे कोपरीत वाढूनही कधी मनात आलं नव्हतं. शेवटी तिवरांखालच्या खेकड्यांची बिळं मोजायचं ठरलं.

परवानगीचं आधी बघा. खाडीचा मोठा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, त्यामुळे दोन्हीकडे वनखात्याची परवानगी लागते. मी अर्जच उशिरा टाकला आणि अख्खा हिवाळा हातचा गेला.

मग भरती. चिखल उघडा असेल तरच बिळं दिसतात, आणि मी मात्र कॉलेजच्या सोयीने रोज आठला निघायचे. दोनदा गुडघाभर पाण्यातून परतल्यावर चेंदणी कोळीवाड्यातल्या एका काकांनी हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटी त्यापुढे सहा तासांनी. म्हणजे सकाळी नऊला चिखल हवा असेल तर चतुर्थी धरा. पक्की वेळ भरतीच्या तक्त्यात पाहाच, पण महिन्याचं वेळापत्रक मी आजही तिथीवरूनच आखते. अवस-पुनवेच्या उधाणाला पाणी खूप मागे हटतं, तसंच झपाट्याने परत येतं, म्हणून तेव्हा एकटीने जात नाही.

पीव्हीसी पाइपची एक मीटरची चौकट टाकली की लगेच मोजायला लागू नका. पावलांच्या हादऱ्याने खेकडे आत जातात. हलू नका, बसून राहा. काही मिनिटांनी एक नर बाहेर येतो, आपला एकच मोठा नांगा वर-खाली हलवतो, मग शेजारचा. एखादी निवटी, म्हणजे चिखलातली मासळी, परांवर रेटत पुढे सरकते. मोजणी तेव्हा सुरू करायची. आणि पेन्सिलीसारखी वर आलेली तिवराची श्वसनमुळं तुडवू नका. झाड त्यांतूनच हवा घेतं.

येऊरबद्दल एवढंच सांगेन की प्रश्न आपल्या मुदतीत बसणारा घ्या. माझ्या एका मैत्रिणीला कारवीच्या फुलोऱ्यावर काम करायचं होतं. कारवी साधारण आठ वर्षांनी फुलते, एमएस्सी दोन वर्षांत संपते. तिने पालापाचोळ्यातले कीटक घेतले आणि तिचं काम छान झालं.

चौकटीत एकही बीळ नसेल तर शून्य लिहा. माझ्या वहीत जानेवारीतल्या तीन जागा कोऱ्या आहेत. तिथे बिळं नव्हती की मी मोजलीच नव्हती, हे मला सांगता येईना, आणि त्या तिन्ही नोंदी प्रबंधातून काढाव्या लागल्या.