मालाच्या गाडीतला फोन: निघण्यापूर्वीची आणि थांबण्यापूर्वीची तयारी

बडोद्यात माल पोचवणाऱ्या गाडीतून फोन चोरीला जातो तेव्हा गाडी फोडावी लागतेच असे नाही. मांडवीजवळ किंवा मंगळबाजाराच्या तोंडाशी छोटा हत्ती टेम्पो उभा असतो, चालक मागचा फाळका पाडायला उतरलेला असतो, हमाल खोकी मोजून घेत असतो, डाव्या दाराची काच पूर्ण खाली असते आणि डॅशबोर्डवर चार्जिंगच्या वायरीसकट फोन पडलेला असतो. असा चोर हत्यार घेऊन किंवा पाळत ठेवून आलेला नसतो. त्याला फोन दिसतो, हात आतपर्यंत पोचतो, आणि तेवढ्यावर त्याचे काम होते. त्यामुळे खर्चिक अलार्मच्या मागे लागण्याआधी फोन दिसणार नाही आणि हात पोचणार नाही, एवढी व्यवस्था आधी करावी.

फोन अंगावर ठेवावा, हा पहिला सल्ला खराच आहे आणि जिथे जमेल तिथे तोच पाळावा. पण पोती उचलताना वरच्या खिशातला फोन पडतो, मालकाने रस्ता आणि पावती यांसाठी दिलेला दुसरा फोन गाडीतच राहतो, आणि कोयाली, रणोली, नंदेसरी या कारखान्यांच्या पट्ट्यात तर चालकाच्या हातात काहीच नसते. जिथे ज्वालाग्राही द्रव किंवा वायू हाताळले जातात तिथे ठिणगीच्या धास्तीने फोन आत नेऊ देत नाहीत. फाटकावर फोन जमा करून घेऊन टोकन देत असतील तर तसाच द्यावा. तशी सोय नसेल आणि गाडी बाहेर लावून पायी आत जायचे असेल, तर फोन तासन्‌तास केबिनमध्ये एकटा राहणार हे गृहीत धरून निघावे.

आदल्या संध्याकाळचे पहिले काम कागदाचे आहे. फोनवर *#०६# दाबले की १५ अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात आणि दोन्ही लिहून घ्यावे लागतात. त्यासोबत फोनचे मॉडेल, दोन्ही मोबाइल नंबर, सिम कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक आणि बँकेचा क्रमांक लिहून, खरेदीच्या बिलाची झेरॉक्स जोडून, हा कागद घरी ठेवावा आणि दुसरी प्रत मालकाकडे द्यावी. हीच माहिती फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवणारे लोक बरेच आहेत, आणि फोन गेल्यावर त्यांच्या हाती काहीच उरत नाही. लायसन्स आणि गाडीची कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये दाखवण्याची सवय झाली असली तरी मूळ कार्डे पाकिटात असू द्यावीत, नाहीतर फोनबरोबर कागदपत्रेही गेली म्हणून पुढच्या चौकात पुन्हा खुलासे करत बसावे लागते.

दुसरे काम फोनच्या आतले. स्क्रीन लॉक बहुतेकांनी लावलेले असते, मात्र सिमला पिन लावलेला क्वचित आढळतो, आणि खरी गळती तिथूनच होते. फोन कितीही घट्ट बंद असला तरी सिम काढून दुसऱ्या फोनात घातले की बँकेचे ओटीपी त्या दुसऱ्या फोनवर येऊ लागतात. सिमचा पिन सेटिंगमधून लावता येतो. फक्त कंपनीने दिलेला मूळ पिन आधी विचारून घ्यावा, कारण तीनदा चुकीचा आकडा टाकला की सिम अडकते आणि पुक कोड, म्हणजे ते पुन्हा उघडण्याचा कंपनीचा आकडा, मागते, आणि तो कोड १० वेळा चुकला तर सिम कायमचे बाद होते. अँड्रॉइड फोनमध्ये चोरीपासून संरक्षणाच्या सोयी आता सेटिंगमध्येच मिळतात. हातातून हिसकावून कोणी पळाले तर त्या हालचालीवरून फोन आपोआप लॉक होण्याची सोय त्यांत आहे, तसेच दुसऱ्या कोणाच्या फोनवरून आपला नंबर टाकून लॉक करण्याचीही आहे. या दोन्ही आधीच चालू करून ठेवाव्या लागतात. मालाच्या गाडीला त्यांची गरज अधिक आहे, कारण नकाशा चालू असेपर्यंत स्क्रीन बंद होत नाही, म्हणजेच स्टँडवरचा फोन बहुतेक वेळ उघडाच असतो. फोन शोधण्याच्या सेवेत घरच्या फोनवरून एकदा शिरून पाहावे. पुष्कळदा पासवर्ड बरोबर असूनही खातरजमेचा संदेश चोरीला गेलेल्या फोनवरच जातो. घरच्या एखाद्या विश्वासू माणसाचा नंबर पर्याय म्हणून आधीच जोडला असेल, तर ही अडचण येत नाही.

केबिनची व्यवस्था एकदाच, पण नीट करावी. सीटखाली फोन सरकवण्याची सवय सर्वांना असते, परंतु छोट्या हत्तीत आणि मारुतीच्या इको व्हॅनमध्ये पुढच्या सीटखाली इंजिन असते, तिथे फोन भाजून निघेल. शिवाय चोरही आधी तिथेच चाचपतो. डॅशबोर्डच्या कप्प्याला कुलूप असेलच असे नाही, आणि असले तरी ते स्क्रूड्रायव्हरला दाद देईल इतके मजबूत नसते. मला सर्वांत पटलेला उपाय म्हणजे सीटच्या पाठीमागे बसणारी पत्र्याची लहान पेटी. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत कोणताही फॅब्रिकेशनवाला ती करून देतो, मात्र त्याला तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात: नट पेटीच्या आतून आवळले जावेत म्हणजे बाहेरून पाना लागणार नाही, झाकणाची बिजागरी आतल्या बाजूला असावी, आणि कडीला कुलूप लावल्यावर ते सीटच्या पाठीआड जावे. आत जुन्या रबरी मॅटचा तुकडा अंथरला की फोन खडखडत नाही. लोखंडी पेटीत सिग्नल क्षीण होतो, कॉल लागत नाही आणि मालकाच्या स्क्रीनवर गाडीचा ठिकाणा दिसेनासा होतो, हे मालकाला आधीच सांगून ठेवले म्हणजे उगाच बोलणी खावी लागत नाहीत.

उन्हाचा हिशेब वेगळा करावा लागतो. बडोद्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो, आणि बंद केबिनमध्ये त्याहून पुष्कळ जास्त तापते. फोनच्या लिथियम बॅटरीला ती उष्णता मानवत नाही. पेटीला खालच्या अंगाला चार-सहा भोके पाडून घ्यावीत, गाडी शक्यतो सावलीत लावावी, आणि लांब थांबा असेल तर फोन बंद करून मगच पेटीत टाकावा. एसी नसलेल्या गाडीत काचा खाली ठेवू नका असे सांगणे सोपे आहे, पण दुपारी ते पाळणे अशक्य आहे. तेव्हा चालकाने आपल्या बाजूची काच उघडी ठेवावी आणि डावीकडची, जिकडे नजर राहत नाही ती, गर्दीत शिरण्यापूर्वी दोन बोटे फट ठेवून वर घ्यावी.

फोनचा स्टँड काचेच्या डाव्या कोपऱ्यात लावू नये. दोन्ही दारांपासून सारख्या अंतरावर, समोरचा रस्ता झाकला जाणार नाही इतका खाली, अशी त्याची जागा असावी. सिग्नलला थांबलेल्या गाडीत मोटरसायकलवाल्याचा हात जेमतेम दाराच्या आत येतो, त्यापलीकडे नाही. प्लॅस्टिकचे आवरण असलेली स्प्रिंगसारखी तारेची दोरी स्टँडपासून फोनच्या कव्हरला अडकवली तर ओढणाऱ्याचा पहिला झटका फुकट जातो, आणि बहुधा तो दुसरा झटका मारायला थांबत नाही. कव्हर मात्र घट्ट बसणारे हवे. चार्जिंगची वायर लोंबकळत ठेवणे म्हणजे फोन आत आहे अशी पाटीच लावणे. उतरताना वायरही पेटीत गेली पाहिजे.

प्रत्येक थांब्याची तयारी गाडी थांबण्यापूर्वी व्हावी. दुकानासमोर उभे राहून, दहा जणांच्या देखत सीटमागे वाकून पेटी उघडली तर पेटी केल्याचा उपयोग काय? आधीच्या मोकळ्या वळणावर, गाडी कडेला घेऊन, फोन आत टाकावा आणि मग खंडेराव मार्केटच्या गर्दीत शिरावे. सोबत क्लीनर असेल तर दोघांनी एकाच वेळी उतरू नये: एक फाळक्याशी, एक दाराशी. इंजिनमधून तेल गळतेय, मागचे चाक बसलेय, तुमची नोट खाली पडलीय असे कोणी येऊन सांगितले तर आधी किल्ली काढावी, काच वर घ्यावी, दार लावावे आणि मगच काय ते पाहावे. सांगणारा भला माणूस असेल तर त्याला या अर्ध्या मिनिटाचा राग येणार नाही.

एवढे करूनही फोन गेलाच तर क्रम चुकू देऊ नये. आधी दुसऱ्या फोनवरून लॉक करावे, नंतर सिम बंद करायला सांगावे. लॉकची आज्ञा पोचायला चोरीच्या फोनवर इंटरनेट चालू असावे लागते आणि सिम आधी तोडले तर तो दुवाच जातो. लगोलग बँकेला कळवून यूपीआय थांबवावे, आणि पैसे गेल्याचे दिसले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. गुजरातमध्ये जुलै २०२२ पासून मोबाइल आणि वाहनचोरीची ई-एफआयआर घरबसल्या नोंदवता येते. मात्र चोर अनोळखी असावा आणि मारहाण झालेली नसावी. तक्रारीत गाडीचा नंबर आणि फोन मालवाहू गाडीतून गेला हे स्पष्ट लिहावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साधी चोरी कलम ३०३ खाली येते, तर माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या गाडीतून केलेली चोरी कलम ३०५ मध्ये बसते आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोलीस ठाण्यात अर्ज गुजरातीत लिहिला जातो. आपल्यासारख्या इथल्या मराठी माणसांपैकी अनेकांना गुजराती बोलणे येते पण वाचताना अडखळायला होते, म्हणून सही करण्यापूर्वी कोणाकडून तरी तो वाचून घ्यावा आणि आयएमईआयचा एकेक अंक कागदाशी ताडून पाहावा.

तक्रारीची प्रत हाती आली की संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर जाऊन फोन सर्व कंपन्यांच्या जाळ्यावर बंद करण्याची विनंती नोंदवावी; २०२३ च्या मे महिन्यापासून ही सोय देशभर आहे. त्याच नंबरचे नवे सिम आधी घ्यावे, पण नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, तेव्हा ओटीपीसाठी दुसरा नंबर हाताशी हवा. या नोंदणीचा विनंती क्रमांक घरच्या कागदावर लिहून ठेवावा. फोन सापडून परत मिळाला तरी त्या क्रमांकाने बंदी उठवून घेतल्याशिवाय त्यात कोणतेही सिम चालत नाही.